आधी जुन्या दरडी काढा: भूकंपात पडलेल्या दरडींचा नकाशा कसा करायचा

माझे वडील भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात मोजणीला गेले की दोन्हीकडची माणसं त्यांना आधी नवा धुरा दाखवायला ओढायची. वडील तिकडे वळायचे नाहीत. पिशवीतून गावाचा जुना नकाशा काढायचे आणि लिंबाच्या सावलीत जमिनीवर पसरायचे. "पयले जुना नकाशा पाह्य बाई, मंग साखळी टाक," असं मला सांगायचे. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्यासोबत जायची.

आता मी परतवाड्याकडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. भूकंपाने डोंगरात कुठेकुठे दरडी पाडल्या याचा नकाशा उपग्रहचित्रांवरून काढायला दरवर्षी काही मुलंमुली शिकतात आणि पहिल्या तासाला मी त्यांना वडिलांचं हेच वाक्य सांगते. भूकंपानंतरचं चित्र उघडलं की डोंगरावरची प्रत्येक पांढरी रेघ भूकंपाचीच वाटते. त्यातली कुठली मागच्या पावसाळ्यातली, कुठली दहा वर्षांची जुनी आणि कुठली मुळात दरडच नाही, हे आधीचा नकाशा नीट काढला असेल तरच कळतं. निम्म्याहून जास्त मेहनत तिथे जाते आणि तिथेच ती करावी.

सरावासाठी मी नेपाळमधला सिंधुपाल्चोक जिल्हा देते. २५ एप्रिल २०१५ चा गोरखा भूकंप ७.८ तीव्रतेचा होता आणि १२ मे रोजी पूर्वेकडे ७.३ चा दुसरा मोठा धक्का बसला. डोंगर उभे, दऱ्या अरुंद, दरडी हजारोंनी. शिवाय आधीची आणि नंतरची चित्रं फुकट मिळतात, त्यामुळे गावात बसून शिकता येतं.

सामान फार लागत नाही. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, नकाशे काढायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर आणि गूगल अर्थ प्रो, दोन्ही मोफत. लँडसॅट उपग्रहांची चित्रं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्सप्लोरर या संकेतस्थळावर मिळतात, सेंटिनेल उपग्रहांची युरोपच्या कोपर्निकस ब्राउझरवर. आपल्याकडच्या डोंगरांसाठी हैदराबादच्या एनआरएससीचं, म्हणजे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचं, भुवन हे संकेतस्थळ आहे. लँडसॅटचं एक चित्र एक जीबीच्या आसपास जातं, म्हणून आम्ही ते रात्री मोबाईलच्या नेटवर लावून झोपतो. आणि लाईन कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा दर दहा आकृत्या काढून झाल्या की सेव्ह करा. अख्खी दुपार वाया गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

आधीचं चित्र कुठलं घ्यायचं

पहिल्यांदा हा नकाशा काढला तेव्हा मी फार काळजीपूर्वक चुकले. आधीचं आणि नंतरचं चित्र एकाच ऋतूतलं असावं, हे मला माहीत होतं. मेळघाटात राहणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. दिवाळीच्या सुमाराला आमचे डोंगर हिरवेगार असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये सागवानाची पानं गळून तेच डोंगर तपकिरी, उघडे दिसतात. ऑक्टोबरचं चित्र मार्चच्या चित्राशी ताडून बघितलं तर कॉम्प्युटर सांगेल की अख्खा मेळघाट खाली आला. म्हणून मी नंतरचं चित्र मे २०१५ चं घेतलं आणि आधीचं २०१४ च्या उन्हाळ्याचं.

ताडून बघितलं तर सुनकोशी नदीच्या काठावर एक भलीमोठी दरड दिसली. वरच्या धारेपासून थेट पात्रापर्यंत. मी ती भूकंपाच्या खात्यात घातली. ती होती जुरेची दरड. २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे, भूकंपाच्या जवळपास नऊ महिने आधी, पावसाळ्यात ती कोसळली होती. १५६ माणसं त्यात गेली आणि सुनकोशी अडून मागे तलाव झाला होता. माझ्या दोन चित्रांच्या मध्ये एक पूर्ण पावसाळा होता आणि तो मी हिशेबातच धरला नव्हता. एवढ्या माणसांचा जीव घेणारी घटना माझ्या नकाशात चुकीच्या तारखेला लागली होती, ही गोष्ट मला आजही टोचते.

तेव्हापासून आधीची दोन चित्रं घ्यायची असा आमचा नियम आहे. एक त्याच ऋतूतलं, म्हणजे हिरवाईची तुलना खरी होते. दुसरं भूकंपाच्या अगदी अलीकडचं, शेवटचं स्वच्छ चित्र, मग ऋतू कुठलाही असो. गोरख्यासाठी ते २०१४ चा पावसाळा संपल्यापासून एप्रिल २०१५ पर्यंतच्या चित्रांत शोधा. जमलं तर पाचेक वर्षं मागचंही एक बघा. जुनी दरड गवताने झाकली जाते, पण तिचा वाटीसारखा खोलगट माथा राहतो.

नंतरचं चित्रही भूकंपाला जितकं जवळचं तितकं चांगलं. २४ मे २०१५ ला म्याग्दी जिल्ह्यात बेनीच्या वर डोंगर सुटून काली गंडकी अडली होती. भूकंपाला तेव्हा महिना होत आला होता. तुमचं नंतरचं चित्र जूनचं असेल तर ही दरड २५ एप्रिलच्या यादीत जाऊन बसणार. २५ एप्रिल आणि १२ मे या दोन धक्क्यांच्या दरडी वेगळ्या करायच्या असतील तर मधल्या सतरा दिवसांतलंच चित्र लागतं. सगळीकडे ते मिळत नाही. जिथे नाही तिथे "दोन्हीपैकी कुठला ते ठरत नाही" असं लिहून मोकळं व्हा. गूगल अर्थ प्रोमध्ये वरच्या घड्याळाच्या खुणेवर क्लिक करून मागच्या तारखांना जाता येतं आणि नेपाळच्या बऱ्याच भागाची मे २०१५ ची बारीक, म्हणजे लहानसहान गोष्टीही दिसणारी, चित्रं तिथे आहेत.

किती लहान दरड धरायची

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, आणि सेंटिनेल-२ चा एक पिक्सेलही तेवढाच. लँडसॅट-८ चा पिक्सेल तीस मीटरचा, म्हणजे नऊ आर. आपल्या भारतीय उपग्रहांवरच्या लिस-४ कॅमेऱ्याचा ५.८ मीटरचा, म्हणजे एका आरात जवळजवळ तीन बसतात. हे मुलांना लगेच कळतं, कारण घरी सातबारा सगळ्यांनी पाहिलेला असतो. एखाद्या आकृतीत दहाएक पिक्सेल तरी असल्याशिवाय मी तिच्या कडेवर विश्वास ठेवत नाही. सेंटिनेलवर ती मर्यादा दहा आर झाली, लँडसॅटवर एक हेक्टरला थोडी कमी.

गोरख्याच्या वेळी मात्र सेंटिनेल-२ अवकाशात नव्हताच. त्याचा पहिला उपग्रह २३ जून २०१५ ला उडाला. त्यामुळे आधीच्या चित्रासाठी लँडसॅट आणि गूगल अर्थ एवढ्यावरच भागवावं लागतं. आधी लँडसॅट आणि नंतर बारीक चित्र अशी जोडी घेतली तर एक फसवणूक होते. लहान जुन्या दरडी आधीच्या चित्रात दिसतच नाहीत, नंतरच्यात दिसतात, आणि आपण त्यांना नव्या समजतो. तुलनेसाठी दोन्ही बाजूंना सारख्याच ताकदीचं चित्र घ्या. ते शक्य नसेल तर जाड, म्हणजे मोठ्या पिक्सेलच्या, चित्राला जेवढं दिसतं तेवढ्याच आकारापासून मोजा.

ही मर्यादा नकाशावर ठळक लिहा. गोरखा भूकंपाच्या एका प्रसिद्ध यादीत ४,३०० च्या आसपास घटना आहेत, दुसरीत २५ हजारांच्या जवळ. दोन्ही जाणकारांनी मेहनतीने केलेल्या आहेत. चित्रं वेगळी, धरलेला लहानात लहान आकार वेगळा आणि पाहिलेला भागही वेगळा. म्हणून नुसत्या दरडींच्या आकड्यावरून दोन भूकंपांतला मोठा कुठला ते ठरत नाही.

प्रत्यक्ष काढणं

हद्द आधी आखा. केंद्राभोवती गोल काढू नका. गोरख्याचं केंद्र बारपाकजवळ होतं, पण भेग तिथून पूर्वेकडे फाटत गेली आणि दरडींची गर्दी पूर्वेच्या रसुवा, सिंधुपाल्चोककडे झाली. त्याच अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या भूकंपांच्या पानावर शेकमॅप मिळतो, त्यात जमीन कुठे किती जोराने हलली ते असतं. त्यावरून हद्द घ्या. क्यूजीआयएसमधल्या प्रोजेक्टला यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीचा ४५ उत्तर हा पट्टा, म्हणजे ईपीएसजी ३२६४५ हा क्रमांक, लावा, म्हणजे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये येईल. सरावासाठी चिखलदरा घेणार असाल तर ४३ उत्तर, नागपूरच्या बाजूला ४४ उत्तर.

मग दोन्ही चित्रं एकमेकांवर बसतात का ते बघा. पूल, रस्त्याचं वळण, नदीतला मोठा खडक अशा दहा-बारा खुणा घ्या आणि चित्र चालू-बंद करून बघा. दरीच्या तळाशी बरोबर बसलेलं चित्र धारेवर वीस-तीस मीटर सरकलेलं असू शकतं, कारण उपग्रहाने तिरकं पाहिलेलं असतं. खुणा वर आणि खाली दोन्हीकडे घ्या.

आता न दिसणारी जमीन काढा. ही पायरी लोक गाळतात. ढगाखालचा भाग, ढगाची सावली, डोंगराची सावली, या सगळ्याभोवती वेगळ्या लेयरमध्ये, म्हणजे नकाशावरच्या वेगळ्या थरात, आकृत्या काढा. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास जातात, तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो. हिवाळ्याच्या चित्रात वायव्येकडचे उभे उतार काळेकुट्ट असतात. तिथे दरड नाही असं म्हणता येत नाही, तिथे आपण पाहिलं नाही एवढंच म्हणता येतं. नकाशा बघून कोणी रस्ता उघडायचं ठरवणार असेल तर या दोन गोष्टींतला फरक माणसाच्या जिवाचा असतो. पावसाळ्यात भूकंप झाला आणि ढग हटतच नसतील तर सेंटिनेल-१ चं रडार ढगातून बघतं. दरड कुठल्या डोंगरावर असावी ते त्यावरून कळतं, तिची कड मात्र आखता येत नाही.

यानंतर हिरवाईचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय काढा. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये जवळच्या अवरक्त पट्ट्यातून लाल पट्टा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. लँडसॅट-८ ला पट्टे ५ आणि ४, सेंटिनेल-२ ला ८ आणि ४. दाट जंगल ०.६ च्या पुढे असतं, उघडी माती-दगड ०.१ च्या आसपास. आधीच्यातून नंतरचं वजा केलं की जिथे हिरवळ गेली तिथे मोठा आकडा येतो. मी हे चित्र फक्त बोट दाखवण्यासाठी वापरते. निर्णय डोळ्याने करायचा. पायऱ्यांच्या शेतातलं पीक निघालं तरी आकडा मोठा येतो, वणव्याने रान जळलं तरी येतो.

डोळ्याला काय दिसायला हवं? एक दरड जवळून बघा. वर धनुष्यासारखा वाकलेला माथा, जिथून डोंगर सुटला. त्याखाली उजळ, खरवडलेला पट्टा, त्याच्या दोन्ही कडांना झाडं अजून उभी. तळाशी जिभेसारखा पसरलेला ढिगारा, नदीपर्यंत पोचला असेल तर नदी तिथे बाकदार झालेली. ताज्या दरडीची कड चाकूने कापल्यासारखी असते. जुनीची कड झुडपांनी अस्पष्ट झालेली असते, रंग मळका आणि पट्ट्यात पाण्याने पाडलेल्या घळी. मग क्यूजीआयएसमध्ये उंचीचं मॉडेल, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला जमिनीची उंची देणारं चित्र, घ्या; कोपर्निकस किंवा एसआरटीएम या नावाचं तीस मीटरचं चालेल. त्यावरून उतार काढा आणि त्रिमितीत फिरवून बघा. दरड वरून खालीच जाते. आडवी, समोच्च रेषेला धरून जाणारी पांढरी रेघ बहुधा रस्ता असतो.

एकदा आमच्याकडच्या बिहाली गावाच्या वर घाटात सरावाला गेलो होतो. एका विद्यार्थिनीच्या नकाशावर छान दरड होती, उजळ, टोकदार माथ्याची, उतारावर. आम्ही कागद घेऊन चढलो. वर एक म्हातारे गुराखी बसलेले होते. तिने विचारलं, "बाबा, ही दरड कवा पडली?" त्यांनी कागद उलटासुलटा केला, मग समोर हात केला. "दरड नोय माय ते. गिट्टीची खदान हाय. आमच्या लग्नाच्या आंधीची." तिचा चेहरा पडला. मग त्यांनीच तिला पलीकडच्या नाल्यात नेऊन खरी दरड दाखवली. दोन पावसाळ्यांमागची, घाणेरीने पूर्ण झाकलेली. ती तिच्या नकाशात नव्हती. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा होता, त्यातून पाणी झिरपत होतं आणि वरचा खडक तिथूनच निसटला होता. त्या दिवशी ती मुलगी जे शिकली ते मला वर्गात महिनाभरात शिकवता आलं नसतं. जिथे जाता येईल तिथे जा, आणि गुरं चारणाऱ्यांना विचारा. त्या डोंगराकडे इतकी वर्षं दुसऱ्या कोणीही पाहिलेलं नसतं.

आता क्रम. आधीच्या चित्रावरच्या सगळ्या दरडी एका लेयरमध्ये पूर्ण काढा. नंतरचं चित्र तोवर बंद ठेवा. ते चालू असलं की डोळा तिकडेच ओढला जातो आणि आधीच्या चित्रात घाई होते. तो लेयर संपला, सेव्ह झाला, की दुसरा उघडा. नंतरच्या चित्रातल्या प्रत्येक दरडीला तीनपैकी एक खूण द्या: नवी, जुनीच आहे तशी, किंवा जुनी वाढलेली. वाढलेल्या दरडीची अख्खी आकृती नव्या खात्यात घालू नका, वाढलेला तुकडा तेवढा वेगळा काढा. जुरेच्या ठिकाणी तुम्हाला हे करावं लागेल.

प्रत्येक आकृतीच्या तक्त्यात माझे रकाने असे असतात: क्रमांक, ती शेवटची कुठल्या तारखेच्या चित्रात नव्हती, पहिल्यांदा कुठल्या तारखेच्या चित्रात दिसली, प्रकार, आणि खात्री. खात्रीला "नक्की", "बहुतेक", "शंका" एवढे तीनच शब्द. तारखांचे दोन रकाने सगळ्यांत मोलाचे आहेत. दरड नेमकी कधी पडली ते चित्र सांगत नाही, कुठल्या दोन तारखांच्या मध्ये पडली तेवढंच सांगतं. प्रकारात दगड, माती आणि बर्फ वेगळे ठेवा. लांगटांग खोऱ्यात २५ एप्रिलला वरून बर्फ आणि दगड एकत्र आले आणि अख्खं गाव गाडलं गेलं, सुमारे ३५० माणसांसकट. त्याला मातीच्या दरडीसोबत मोजता येणार नाही.

सुटलेला भाग आणि साचलेला ढिगारा यांच्या आकृत्याही वेगळ्या हव्यात. भूकंपाची लाट धारेजवळ जास्त जोर धरते, त्यामुळे भूकंपाच्या दरडी बऱ्याचदा वरून, माथ्याजवळून सुटतात. पावसाच्या दरडी पाणी गोळा होतं तिथून, नाल्यांच्या आसपास जास्त सुटतात. माथा आणि ढिगारा एकाच आकृतीत असला तर हा फरक दिसतच नाही.

एकमेकांना खेटून पडलेल्या दरडी एकत्र करण्याचा मोह फार होतो, आणि आपोआप काढणारी साधनं तर हमखास करतात. क्षेत्रफळावरून किती माती आली याचा अंदाज करताना क्षेत्रफळाला साधारण १.३ ते १.६ चा घात लावतात. १.४ धरा. सारख्या आकाराच्या दोन दरडी एक म्हणून काढल्या तर माती जवळपास ३२ टक्के जास्त येते. दहा एकत्र केल्या तर अडीच पट. खाली ती माती नदीत किती उतरेल, धरणात किती साचेल, याचा हिशेब कोणीतरी याच आकड्यावर करणार असतो. म्हणून वर माथे दोन दिसत असतील तर आकृत्या दोन काढा, खाली ढिगारे मिसळलेले असले तरी. आणि ४० अंशांच्या उतारावर नकाशातलं क्षेत्रफळ खऱ्या जमिनीपेक्षा कमी असतं, खरं ते सुमारे ३० टक्के जास्त. दोन्हीपैकी कुठलं दिलंत ते लिहा.

झालेल्या कामातला दहावा हिस्सा दुसऱ्या कोणाला तरी, तुमच्या आकृत्या न दाखवता, पुन्हा काढायला द्या. आमच्याकडे दोन मुलींच्या नकाशांत नेहमी फरक येतो. ज्या दरडींवर फरक येतो त्यांच्यासाठी दोघी शेजारी बसतात, तिन्ही चित्रं उघडतात आणि तरीही जमलं नाही तर "शंका" लिहितात.

भूकंपाचा नकाशा एवढ्यावर संपत नाही, कारण हललेला डोंगर पुढची काही वर्षं पावसाला लवकर सुटतो. गोरख्यानंतरच्या पावसाळ्यात नेपाळमध्ये तेच झालं. म्हणून तिसरा लेयर ठेवा, "पावसानंतर २०१५" असं नाव द्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चित्रावरून काढा आणि दुसऱ्या लेयरला हात लावू नका. त्या हिवाळ्यापासून सेंटिनेल-२ ची चित्रंही मिळतात. दरवर्षी एक लेयर, वेगळ्या रंगात.

परतवाडा ते सेमाडोह या घाटरस्त्याचा असाच लेयर आम्ही दर हिवाळ्यात काढतो. मेळघाटात सौम्य धक्के अधूनमधून बसतात. उद्या एखादा मोठा बसला तर आमच्याकडे आधीचा नकाशा तयार असेल, तारखांसकट. यंदाचं काम दिवाळीनंतरच्या पहिल्या स्वच्छ चित्रावर सुरू करायचं आहे, आणि बिहालीच्या वरची खदान "दरड नाही" अशा नोंदीने त्यात पहिली टाकून ठेवली आहे.